दुखण्याला तारीख लावा



आपल्या चळवळीत 'मी' हा शब्द जरा संशयानंच बघितला जातो. मोर्च्यात 'आम्ही', ठरावात 'आम्ही', घोषणेत तर 'आम्ही'च. ते बरोबरच आहे. पण यामुळं झालंय काय, की कार्यकर्ता आजारी पडला की गप पडतो. खाटेवरच्या माणसाला म्हणलं, बाबा, रोज दोन ओळी लिही, आज कसं वाटलं ते लिही, तर तो हसतो. डायरी-बियरी म्हणजे पांढरपेशांची चैन, म्हणतो. खिडकीपाशी टेबल, कपात चहा आणि मनाला नाजूक जखमा. आपल्याला हे कुठलं परवडतंय? सात रस्त्याला टपरीवर उभं राहून यावर आमची कितीदा तरी वाजलीय. आज सगळं कागदावर मांडतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : दुखण्याला तारीख लागली की ते नशीब राहत नाही.

आजारात लिहिणं ही चैन असेल तर ती आपल्या बापजाद्यांनीच केलीय. 1888 साली जोतीराव फुल्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं. ज्या हातानं आयुष्यभर लिहिलं तोच हात गेला. तर या माणसानं डाव्या हातानं लिहायला घेतलं आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले, पुस्तक 1891 ला छापून निघालं. अर्धं अंग गेलेल्या माणसानं काय लिहावं? त्यात दुखण्याचं रडगाणं नाही. त्यात निर्मिक आहे, अफाट पोकळीतली सूर्यमंडळं आहेत, आणि बाई-बाप्या सगळ्यांचे हक्क सारखे ही रोखठोक गोष्ट आहे. शरीर खाटेला खिळलेलं आणि नजर आभाळाला. बाबासाहेबांचंही तेच. मधुमेह, पायाच्या वेदना, आणि हातात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीसुद्धा त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्यापाशी होते. सकाळी माणूस नव्हता, काम होतं.

कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, त्यांनी ग्रंथ लिहिले, खोकल्याची वही नाही लिहिली. मान्य. मग एका साध्या माणसाचं ऐका.

काठेवाडातला एक अस्पृश्य शाळामास्तर. बायको बाळंत झाली पाच तारखेला. सात तारखेला जुलाब लागले, छाती भरली. डॉक्टर म्हणला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तेही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं मास्तरला, मास्तरनं बायकोला. त्याच वाटेनं तो परत गेला. रात्रीचे आठ वाजलेले. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणला, न्यूमोनिया. पुढं तो बघायलासुद्धा आला नाही. बाई दुपारी दोन वाजता गेली. मास्तरनं हे सगळं पत्रात लिहिलं. ते 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त आलं, आणि बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ते जसंच्या तसं घेतलं. मास्तरचं नाव त्यात नाही. पण तारखा आहेत, वेळ आहे, रुपये आहेत, थर्मामीटर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते आहे. नुसतं 'फार अन्याय झाला हो' असं लिहिलं असतं तर लोकांनी हळहळून पान उलटलं असतं. तारखेपुढं हळहळ चालत नाही. तारीख साक्ष देते.

आता आपल्या गावाचं बघू. सोलापूर कापसावर वाढलं. 1877 ची जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. ते भोंगे बंद झाले, पण चादर आहे, टॉवेल आहे, सूतगिरणी आहे, म्हणजे रुईची धूळ आहे. या धुळीनं छातीला जो रोग होतो त्याचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण अजब आहे. सुट्टी झाल्यावर पहिल्या पाळीला छाती आवळते, पुढच्या दिवसांत सैल होते. कामगाराला वाटतं, सुट्टीत काहीतरी बाधलं. विलायतेत गिरणी कामगार याला सोमवारचा ताप म्हणायचे. 1950 नंतर लँकेशायरात रिचर्ड शिलिंग नावाच्या डॉक्टरनं कामगारांनाच विचारून या रोगाच्या पायऱ्या लावल्या : छाती कधीमधी पहिल्या दिवशी आवळते, का दर आठवड्याला पहिल्या दिवशी, का बाकीच्या दिवशीही. कारण एक्स-रेत या रोगाची अशी वेगळी सावली पडत नाही. डॉक्टरला कळायचं तर कामगाराच्या तोंडून कळणार. सुरुवातीला धुळीतून हलवलं तर माणूस सावरतो. उशीर झाला तर छाती कायमची गेली. 1948 च्या कारखाना कायद्यात, डॉक्टरनं सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत हा रोग घातला गेला. पण कळवणार कधी? 'कोणत्या दिवशी आवळते?' हे आधी कुणी विचारलं तर.

मी कार्डिंगला आहे. दवाखान्यात मला सांगितलं, बिडी सोड. मी बिडी ओढत नाही. मग मी दोनशे पानी वही घेतली. तारीख, पाळी, खातं, छाती. चार रकाने. सात आठवडे भरले आणि सातही वेळा एकाच जागी 'आवळली' आलं : सुट्टीनंतरचा पहिला दिवस. वही पुढं ठेवल्यावर डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "कुठल्या खात्यात काम करतोस?" मी सहा वर्षं या प्रश्नाची वाट बघत होतो.

लिहून रोग बरा होतो का? भोंदूगिरी नको, सरळ बोलू. 1999 साली अमेरिकेत दमा आणि संधिवाताच्या 112 रोग्यांवर एक प्रयोग झाला. काहींना तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या घावाबद्दल लिहायला लावलं, बाकीच्यांना साध्या गोष्टींबद्दल. चार महिन्यांनी घावाबद्दल लिहिलेल्या दमेकऱ्यांचा श्वास सुधारलेला दिसला. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसाच गुण आला असं नाही. म्हणजे वही ही गोळी नाही, पंपाला पर्याय नाही. पण उरात कोंडलेलं बाहेर काढल्यानं शरीरालाही काही कळतं, एवढं म्हणायला जागा आहे.

चार रकाने भरता भरता खाली एकदोन ओळी जास्तीच्या येऊ लागल्या. रात्री तीनला खोकून उठायचं, भिंतीला टेकून श्वास मोजायचे. बुद्धानं श्वासाकडं बघायला शिकवलं, तो लांब असेल तर लांब म्हणून, आखूड असेल तर आखूड म्हणून. यात मंत्र नाही, पूर्वजन्म नाही. बघता बघता नवल वाटायला लागतं. दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा हा भाता चालतो, आणि त्याची मजुरी आपण कधी कुणाकडं मागितली नाही. पुजाऱ्याच्या नाकातून निघालेली हवा माझ्या छातीत येते, माझी त्याच्या. पाणी अडवता आलं, म्हणून 1927 ला महाडला जावं लागलं. हवा कुणाला अडवता आली नाही. मग तिच्यात धूळ भरली. हे मला कुठल्या सभेत सुचलं नाही, दुखत असताना सुचलं.

माझी आई म्हणते, भोग आहेत लेका, भोगायचे. मी तिच्याशी भांडत नाही, वही वाचून दाखवतो. ती बोटावर दिवस मोजते आणि म्हणते, "अगं बाई, हे तर दर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी!" भोग असा सुट्टी बघून येत नाही, हे तिलाही पटतं. बाबासाहेबांनी धम्म सांगताना मागच्या जन्माच्या कर्माचं हे जोखड काढून टाकलं. आमच्या घरात ते चार रकान्यांनी थोडं हललं.

आता 'मी' आणि 'आम्ही'चं. एक वही म्हणजे एका माणसाचा खोकला. मालक म्हणतो, याचीच छाती नाजूक. पण त्याच खात्यातल्या दहा जणांच्या वह्या शेजारी ठेवा, आणि दहाही जणांची छाती एकाच दिवशी आवळलेली निघू दे. मग तो 'आम्ही' असतो, आणि त्याला घोषणेची गरज उरत नाही. धूळ वहीनं कमी होणार नाही, ती ओढून घेणारं यंत्र बसवल्यावर कमी होईल. ते बसवून घ्यायला मात्र वह्या लागतील.

म्हणून, ज्याला लिहिता येतं त्यानं आजच चार रकाने आखावेत. ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून आपण लिहावं. त्याचेच शब्द, शुद्ध न करता. आणि खाली दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात, नवलासाठी.

जयभीम.