खाँसाहेब नेमके कोण?

१९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं आणि त्यातले गायक खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे हे समीकरण पक्कं झालं. १९८३मध्ये वसंतराव गेले. २०१०च्या पुनरुज्जीवनात त्यांचे नातू राहुल देशपांडे त्या भूमिकेत उभे राहिले. मग हे खाँसाहेब तेच की दुसरे? उत्तर परभणी जिल्ह्यात, संत जनाबाईंच्या गंगाखेडात सापडावं असं मला वाटतं. जनाबाईंच्या अभंगाच्या शेवटी जनीची नाममुद्रा येते आणि भजनातला कुणीही, बाप्या माणूससुद्धा, ती बिनदिक्कत आपल्या तोंडाने उच्चारतो. त्याला कुणी तोतया म्हणत नाही. अभंगातला 'मी' ही एका देहाची मालमत्ता नाही; ती उभं राहण्याची जागा आहे. खाँसाहेबही तशीच एक जागा.

आक्षेप येईल की भजनात भक्ती पुरते, नाट्यपदाला गळा लागतो, आणि वसंतरावांचा गळा पुन्हा होणे नाही. खरंच आहे. पण म्हणूनच हुबेहूब नक्कल करणारा फसतो: तो जागा सोडून देहाच्या मागे लागतो. दुसरा आक्षेप रक्ताचा, की नातू होता म्हणून चाललं. मग याच नाटकावरच्या २०१५च्या चित्रपटात सचिन पिळगांवकरांचे खाँसाहेब प्रेक्षकांनी कसे स्वीकारले? (गाणारा गळा तिथेही राहुल देशपांडे यांचाच होता, पण पडद्यावर उभा राहिलेला देह दुसऱ्याचा!) आणि गंमत अशी, की नाटकातले खाँसाहेब स्वतःच प्रतिस्पर्धी पंडितजींच्या जागी राजगायक झालेले असतात.