सरकून घ्या!

मालकी कशाने सिद्ध होते? आमच्या बँकेत सही लागते. शेंद्र्याला कामावर जाताना मी जालन्याची एस.टी. पकडतो, तिथे हातरुमाल पुरतो. खिडकीतून टाकलेला रुमाल ज्या सीटवर पडला, ती सीट त्याची. सातबाऱ्यालाही एवढा मान नाही!

हाच हिशेब डोक्यात घेऊन मेव्हण्याकडे लंडनला गेलो नि हाइड पार्कात चक्रावलो. आठव्या हेन्रीने १५३६ साली शिकारीसाठी घेतलेली ही जागा १६३७ साली पहिल्या चार्ल्सने लोकांना खुली केली. राजाने हरणे मारली तिथे आता शेंद्र्याचा कारकून पाय पसरून बसतो! लंडनच्या बागांतल्या कित्येक बाकांवर कुणाच्या तरी स्मरणार्थ पाटी असते. नाव एकाचे, बसायचे कोणीही. म्हणजे खाते मयताचे नि पैसे काढायला अख्खे गाव!

मी खूश झालो. पण तासभर बसलो तरी बाकाच्या दुसऱ्या टोकाचे गृहस्थ हवेबद्दलसुद्धा बोलेनात. जागा सर्वांची, पण माणूस कुणाचाच नाही.

आमचा रुमालवाला दांडगाई करतो खरी. पण म्हातारी उभी दिसली की तोच म्हणतो, "या आजी, सरकून घेतो." चिकलठाणा येईपर्यंत आजी त्याच्या पोरीसाठी स्थळ सुचवतात.

पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा काढणाऱ्या गणेश वासुदेव जोशींना लोक 'सार्वजनिक काका' म्हणत. नुसते सार्वजनिक नव्हे, काकासुद्धा! लंडनने पहिला शब्द सांभाळला, आम्ही दुसरा. रुमाल खिशात ठेवून सरकून घेतले, तर दोन्ही साधतील.

फक्त रुमाल खिशात ठेवल्यावर सरकायला सीट कुठून आणायची, तेवढे सांगा!