एका जन्मात तीन संघ

पालघर जिल्ह्यात राहून फुटबॉलवर जीव लावणं म्हणजे शाकाहारी माणसानं सातपाटीत बिऱ्हाड करण्यासारखं आहे. कुणी त्रास देत नाही. पण कुणी फारसं मनावरही घेत नाही. इथलं दैवत क्रिकेट. त्यातून शार्दूल ठाकूर पडला पालघरचा. तो लोकलचे धक्के खात मुंबईला सरावाला जायचा, ही कथा आमच्याकडे पोरांना शिवबाच्या गोष्टींच्या पाठोपाठ सांगतात. अशा मुलखात माझ्यासारखा बोईसरकर नव्या हंगामाच्या तोंडावर म्हणाला, "यंदा मुंबई सिटीचं काही खरं दिसतंय," तर समोरचा विचारतो, "का? कचरा उचलत नाहीत का?"

पण खरा घोळ 'आपला संघ' या दोन शब्दांत आहे. त्यातलं 'आपला' म्हणजे काय? मुंबई सिटी 2014 साली जन्माला आली. तेव्हाचे खेळाडू गेले, प्रशिक्षक गेले. मैदान नव्या मुंबईहून अंधेरीला आलं. 2019 साली मोठी मालकी मँचेस्टर सिटीवाल्यांच्या कंपनीकडे गेली. माझ्या आजीची एक गोधडी होती. दर पावसाळ्यात तिला नवं ठिगळ लागे. शेवटी मूळ लुगड्याचा धागा शोधून सापडत नव्हता, तरी आजी म्हणायची, "ही माझ्या सासूबाईंची." संघाचं तसंच.

मग संघ टिकतो कशात? प्रेक्षकांत, असं म्हणावं तर 2021 सालची पंचाईत आठवते. 13 मार्चला गोव्यात, फातोर्ड्याला, आम्ही मोहन बागानला 2-1 नं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. ('आम्ही' म्हणजे ते अकरा जण. मी बोईसरला लुंगीवर होतो.) महामारीमुळे मैदानात प्रेक्षकांना बंदी. सात वर्षं ज्यासाठी घसा फोडला, ते रिकाम्या खुर्च्यांसमोर घडलं! विजयाचा गोल बिपीन सिंगनं 90 व्या मिनिटाला मारला. तोच सामना अंधेरीत असता तर पालघर-बोईसरच्या एकाही इसमाला तो गोल दिसला नसता. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या. 80 व्या मिनिटाला आमची निष्ठा उठून स्टेशनाकडे चालू लागते.

निष्ठेचा विषय निघाला आणि सौ. वटपौर्णिमेच्या दोऱ्याचं बंडल शोधता शोधता म्हणाली, "अहो, आम्ही एकाच माणसासाठी सात जन्म मागतो. तुम्ही एका जन्मात तीन संघ केलेत!"

हिशेब अचूक होता. आधी महिंद्रा युनायटेड. त्यांनी 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 साली संघ बंद झाला. मग मुंबई एफ.सी.; तो 2017 साली आय-लीगमधून खाली घसरला आणि मिटला. मग हा तिसरा.

"मी कुणाला सोडलं नाही. तेच गेले," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली.

गंमत बाजूला ठेवू, पण प्रश्न खरा आहे. ज्यानं आपल्याला कसलाही शब्द दिलेला नाही, त्याच्याशी एकनिष्ठ राहणं हा सद्गुण की निव्वळ सवय? जुलै 2025 मध्ये आय.एस.एल.चा हंगामच बेमुदत पुढे गेला. भांडण हक्कांच्या कराराचं, थांबले मात्र सगळेच. काही संघांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. तोपर्यंत मला वाटायचं, संघ हरला की सगळ्यात जास्त सोसतो तो चाहता. तेव्हा लक्षात आलं, आपली आशा फुकटातली आहे. त्या पोराच्या आशेवर घरचं भाडं उभं असतं. त्याच्याकडून करंडक मागण्याआधी त्याला खेळायला मिळावं, एवढं तरी आपण मागायला नको का?

2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली. तिला आम्ही 'आपली गाडी' म्हणतो. डबे रेल्वेचे, मोटरमन रोज वेगळा आणि उशीर झाला तर आपल्याला कुणी विचारत नाही. तरी आपली, कारण फलाटावर तीच माणसं त्याच खांबाशी उभी असतात, आणि एखाद्याला यायला उशीर झाला तर बाकीचे जिन्याकडे बघत राहतात. निष्ठा म्हणजे एवढंच असावं. जिंकण्याच्या खात्रीशी तिचा संबंध नाही. कुणाची तरी वाट बघण्याचं काम आपण अंगावर घेतलेलं असतं, एवढंच.

म्हणून येत्या हंगामाचं भाकीत विचाराल तर मी एवढंच सांगतो: आपला संघ मैदानात उतरो. पहिली 80 मिनिटं मी बघून घेईन. पुढची दहा देवाच्या आणि पश्चिम रेल्वेच्या हवाली.