उपकार करणाऱ्यांची परीक्षा घ्यावी काय?

अनाथ, दरिद्री व परक्या ठिकाणी येऊन पडलेल्या मुलांस ज्या संस्था अन्न, वस्त्र, आसरा व शिक्षण देतात, त्यांच्या कामाची बाहेरच्या कोणी तपासणी करावी, हे योग्य आहे काय? कित्येकांस हा प्रश्नच अप्रशस्त वाटतो. जो मनुष्य आपले सुख सोडून दुसऱ्याच्या लेकरास जेवू घालतो, त्याच्या दारी जाऊन "तू ह्या लेकराशी कसा वागतोस?" असे विचारणे म्हणजे कृतघ्नपणा होय, असे ते म्हणतात. ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावा अशी आमची इच्छा आहे. कारण आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस तो वाटतो तितका दूरचा नाही.

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस जो मुलूख पसरला आहे, त्याकडे वाचकांनी पाहावे. 1954 साली पिंपरीस औषधांचा सरकारी कारखाना निघाला, आणि तेव्हापासून पिंपरी, चिंचवड व भोसरी ह्या गावांचे रूप पालटले. पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजे व कुरुळी येथील शेतांवरही कारखाने उभे राहिले. जेथे कारखाना तेथे बांधकाम, आणि जेथे बांधकाम तेथे मजूर. मराठवाड्यातून, विदर्भातून, तसेच बिहार व उत्तर प्रदेशातून कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जातात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे भाऊबंद आज त्याच वाटेने गेलेले आहेत. आईबाप दिवसभर कामावर, आणि लेकरू पत्र्याच्या खोलीत किंवा वाळूच्या ढिगाजवळ एकटे. मोठी बहीण स्वतः सात वर्षांची, आणि तिच्या कडेवर वर्षाचे मूल. अशा मुलांची दया येऊन कित्येक सज्जन पुढे होतात, हे देवाचे उपकारच समजावे. परंतु "मुलास आमच्या वसतिगृहात द्या, आम्ही त्यास शिकवू" असे म्हणणाराही तेथे येतो, आणि तो आमच्या खेड्यांतही येतो. तेव्हा गरीब बापाने त्यास काय विचारावे? त्या बापाची भीड आम्हांस ठाऊक आहे. ज्याच्या घरी दाणा नाही, तो दाणा देणाऱ्यास प्रश्न विचारीत नाही.

आता उपकाराचे स्वरूप काय, ते पाहू. दुकानदार खोटे माप देऊ लागला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. मुकादम छळू लागला तर मजूर, नुकसान सोसून का होईना, त्याची चाकरी सोडतो. परंतु आश्रमातील सात वर्षांच्या मुलास दार उघडून जाता येत नाही. ज्याने त्यास मारले, त्याच्याच हातची भाकरी त्यास संध्याकाळी खावी लागते. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, तोच ती ऐकणारा असतो. म्हणून राजाचाही आपल्या प्रजेवर नसेल इतका अधिकार उपकारकर्त्याचा त्या लेकरावर चालतो. आमचे म्हणणे इतकेच की, तपासणी त्याच्या अंतःकरणाची नसते, त्याच्या हाती आलेल्या ह्या अधिकाराची असते. अंतःकरण पाहणारा एक देवच आहे; पण अधिकार कसा चालतो, हे पाहणे मनुष्यांचे कर्तव्य होय. मंडळीचा खजिनदार कितीही सचोटीचा असो, वर्षाअखेरीस त्याचा हिशेब तपासला जातो, आणि त्यात आपला अपमान झाला असे तो म्हणत नाही. उलट, जो सचोटीचा असतो, तोच आपण होऊन वही पुढे करितो. पैशांचा हिशेब आपण घ्यावा आणि लेकरांचा घेऊ नये, हे कोणत्या न्यायाने?

ह्या बाबतीत पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. 1897 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला असता त्यांनी तेथे जाऊन निराधार मुलींस आणिले, आणि पुढे त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन वाढविले, हे सर्वांस माहीत आहे. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती फारशी सांगितली जात नाही. पुण्यात तेव्हा प्लेग होता. त्यांच्या आश्रमातील एक मुलगी सरकारी प्लेग-रुग्णालयात गेली आणि तेथून नाहीशी झाली. रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' ह्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र छापून त्या ठिकाणी स्त्रियांची कशी आबाळ व विटंबना होते, हे उघडपणे लिहिले. तो मजकूर विलायतेपर्यंत गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांच्या सरकारने तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. रमाबाईंस गप्प बसणे सोपे होते. आपल्या आश्रमातील मुलगी नाहीशी झाली, हे जगास कळले तर आपल्याच कामास बट्टा लागेल, असे त्यांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होते. परंतु त्यांनी आश्रमाच्या नावापेक्षा त्या एका मुलीस अधिक मोलाची मानिले. प्रत्येक संस्थाचालकापुढे आज ना उद्या हीच निवड येऊन उभी राहते.

आता जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, एखादा दोष उघड केला तर चांगल्या कामाचे नाव जाते, देणगीदार हात आखडतात, आणि नुकसान शेवटी मुलांचेच होते. हे ऐकावयास समंजसपणाचे वाटते; पण अनुभव ह्याच्या उलट आहे. 'ऑक्सफॅम' ह्या जगप्रसिद्ध संस्थेचे उदाहरण घ्या. 2010 साली हैती देशात भयंकर भूकंप झाला, तेव्हा तिचे लोक मदतीस गेले. त्यांपैकी काहींनी तेथे दुर्वर्तन केले. 2011 साली संस्थेने आतल्या आत चौकशी केली, काहींस काढिले, काहींस राजीनामा देऊन जाऊ दिले, परंतु खरी हकीकत जगास पुरती सांगितली नाही. 2018 साली ती वर्तमानपत्रांतून बाहेर आली. तेव्हा जी नाचक्की झाली, ती मूळच्या दोषापेक्षा तो झाकल्यामुळे अधिक झाली. जखमेवर पट्टी बांधून पू आत ठेविल्याने अंग बरे होत नाही, हे आमच्या खेड्यांतील म्हाताऱ्या बायांसही ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुले खोटे बोलतात, कोणाच्या शिकवणीने बोलतात, म्हणून त्यांच्या शब्दावर प्रतिष्ठित मनुष्यास बोल लावू नये. मुंबईस कुलाब्यात 'अँकरेज' नावाचे रस्त्यावरील मुलांसाठी एक आश्रयस्थान होते. ते इंग्लंडहून आलेल्या एका मनुष्याने 1995 साली काढिले होते. मुलांवर तेथे लैंगिक अत्याचार होतात, अशी तक्रार 2001 साली पुढे आली. सत्र न्यायालयाने 2006 साली दोघा इंग्रजांस दोषी ठरविले. 2008 साली उच्च न्यायालयाने त्यांस सोडिले. आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. मुलांचा शब्द खरा ठरावयास दहा वर्षे लागली. जी मुले तक्रारीच्या वेळी दहा वर्षांची असतील, ती निकालाच्या वेळी वीस वर्षांची झाली. मूल कधी खोटे बोलत नाही, असे आम्ही म्हणत नाही. आरोप झालेल्या मनुष्याचे म्हणणेही ऐकिले पाहिजे, आणि न्यायाधीशाचे काम न्यायाधीशानेच करावे. आमचे म्हणणे इतकेच की, ऐकल्यावाचून मुलाचा शब्द खोटा ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.

येथे शिलो येथील मंदिराची गोष्ट आठवावी. हन्नेने आपला लहान मुलगा शमुवेल एली याजकाच्या हाती सोपविला. ते घर देवाचे होते, आणि एली वृद्ध व सन्मान्य होता. तथापि त्याच घरात त्याचे पुत्र आपल्या अधिकाराचा दुरुपयोग करीत होते. एलीस ते कळले होते. त्याने त्यांस शब्दाने रागे भरले, पण त्यांस त्यांच्या जागेवरून दूर केले नाही. आणि हाच त्याचा दोष ठरला. परंतु त्याच एलीने एक मोठी गोष्ट केली. रात्री शमुवेलास एलीच्या घराविषयी जे कळले, ते सांगण्यास मुलगा सकाळी भीत होता. तेव्हा एलीने त्यास जवळ बोलाविले आणि माझ्यापासून काही लपवू नको असे बजाविले. आपल्या स्वतःच्या घराविरुद्ध असलेला शब्द त्याने एका लेकराच्या तोंडून ऐकून घेतला. ज्या आश्रमाचा चालक असे ऐकून घेण्यास तयार आहे, तेथे मूल बरेच सुरक्षित आहे. ज्या घरात चालकास केवळ स्तुतीच ऐकावयाची सवय आहे, तेथे भिंती कितीही स्वच्छ असल्या तरी आम्हांस भरवसा वाटत नाही.

मग तपासणी कशी असावी? नुसत्या वह्या पाहणे, जेवणाची भांडी मोजणे आणि मुलांनी म्हटलेले स्वागतगीत ऐकून हार घालून घेणे, ही तपासणी नव्हे. बिहारमधील मुजफ्फरपूर येथील मुलींच्या गृहास सरकारी पैसा मिळत होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' नावाच्या पथकाने त्या प्रांतातील गृहांची पाहणी करून 2018 साली आपला अहवाल दिला, तेव्हा तेथील भयंकर प्रकार उजेडात आला. 2020 साली दिल्लीच्या न्यायालयाने त्या गृहाच्या चालकासह एकोणीस जणांस दोषी ठरविले. ह्या पथकाने विशेष काय केले? ते मुलांपाशी बसले, त्यांच्याशी बोलले, आणि त्यांनी जे सांगितले ते लिहून घेतले. इतके साधे काम, पण आधी कोणी ते धडपणे केले नव्हते.

मारहाण व अत्याचार ह्यांहून सूक्ष्म असा एक दोष आहे; तो म्हणजे आबाळ. तीत कोणी हात उगारीत नाही. ताप आलेले मूल दोन दिवस कोपऱ्यात पडून राहते. चाळीस मुलांमागे एकच बाई असते. मुलास नावाने हाक मारणारे कोणी नसते. आईचे निरोप त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ह्या गोष्टीही हिंसेच्याच जातीच्या आहेत. 2015 च्या बालन्याय कायद्याने मुलांच्या प्रत्येक गृहाची सरकारदप्तरी नोंदणी सक्तीची केली आहे. आणि मुलांच्या सांभाळासाठी नेमलेल्या मनुष्याने क्रूरपणा किंवा आबाळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. 2012 च्या कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अपराध झाल्याचे कळूनही जो कळवीत नाही, तोही अपराधी होतो. मग तो चालक असो की उपदेशक. असे असूनही 2018 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत देशभरच्या 9,589 गृहांपैकी सुमारे 32 टक्केच ह्या कायद्याखाली नोंदलेली आढळली. कायदा पुस्तकात आहे. तो दारापर्यंत नेण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.

सर्वांत उत्तम तपासणी कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही सांगू की, आईचे डोळे. बांधकामावरील मजुरांच्या लेकरांसाठी 1969 साली दिल्लीस मीरा महादेवन ह्यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली. ते काम पुढे पुण्याकडेही आले. अशा पाळणाघरात मूल दिवसभर सांभाळले जाते, खाते, शिकते. आणि दुपारी पाटी खाली ठेवून आई त्यास पाजावयास येते. ती न सांगता येते, म्हणून तेथे काही लपविता येत नाही. आणि संध्याकाळी मूल तिच्याच कुशीत परत जाते. जी दया लेकरास आईपासून न तोडता वाढविते, ती आमच्या मते श्रेष्ठ होय. केवळ दारिद्र्यामुळे मूल आश्रमात जात असेल, तर प्रथम त्या घरासच आधार देता येईल काय, हे पाहावे. ह्यासाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजनाही आहे. पण ज्या मुलास आई उरली नाही, किंवा जिचे घरच त्यास घातक आहे, त्यास आश्रम हवाच. आणि जेथे आईचे डोळे पोहोचत नाहीत, तेथे त्यांची जागा दुसऱ्या डोळ्यांनी भरली पाहिजे.

म्हणून आमच्या उपदेशकांस, शिक्षकांस व मंडळीच्या पंचांस आमची विनंती अशी. प्रथम, कोणी मुले नेण्यास गावी आला तर त्याच्या संस्थेच्या नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस कळविल्याशिवाय एकही मूल पाठवू नका. मग तो येशूचे नाव घेणारा असो अगर दुसऱ्या कोणाचे. दुसरे, जे मूल गावाबाहेर आश्रमात आहे, त्यास न कळविता भेटावयास जा, आणि चालकाच्या नजरेआड त्याच्याशी बोला. भेट नाकारली गेली, तर तेच उत्तर समजा. तिसरे, चाकण-भोसरीस कामाला गेलेल्या कुटुंबांची नावे मंडळीच्या वहीत ठेवा, आणि त्यांची लेकरे दिवसा कोणापाशी असतात, हे विचारा. चौथे, 1098 हा क्रमांक मुलांस तोंडपाठ करवा. 1996 साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा 2023 पासून सरकारकडून चालविली जाते, आणि त्या क्रमांकावर मूल स्वतःही बोलू शकते.

हे सर्व करिताना प्रत्येक सज्जनाकडे चोर म्हणून पाहू नये. संशय व तपासणी ह्या भिन्न गोष्टी आहेत. संशय पाठीमागे कुजबुजतो. तपासणी दिवसाउजेडी दार ठोठावते. संशयाने चांगले सेवक खचून काम सोडतात. तपासणीने त्यांस बळ येते, कारण त्यांच्या वेषात शिरलेला लांडगा ओळखला जातो. ज्यांनी लेकरांसाठी आपली वर्षे वेचली आहेत, ते ह्या पाहुण्यांस दार उघडून आत घेतील, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. आणि जे दार उघडत नाही, त्याच्यामागे असलेले लेकरू आपले स्वतःचे आहे असे समजून, ते उघडेपर्यंत आपण तेथून हलू नये.