काठावरचा साक्षी

लहान शिडाच्या होड्यांची लांब पल्ल्याची शर्यत काठावरून पाहायची म्हणजे बहुतेक वेळ काहीच पाहायचे नाही. बंदुकीचा बार होतो, शिडे वारा धरतात आणि तासाभरात होड्या क्षितिजाआड जातात. पुढचे दिवस, कधी महिने, पाहणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो नकाशावरचा एक ठिपका. तरीही माणसे तो ठिपका सोडत नाहीत. रात्री उठून तो सरकला का हे पाहतात. ज्या धडपडीत आपला हात नाही, जिला आपण थांबवू शकत नाही आणि जिची झळ आपल्याला लागत नाही, तिच्याकडे पाहत राहणाऱ्याचे स्थान काय? दर्शनांनी हा प्रश्न साक्षीचा म्हणून हाताळला, साहित्यशास्त्राने प्रेक्षकाचा म्हणून. यज्ञविद्येनेही त्याला एक उत्तर दिले आहे; त्याची चर्चा सहसा होत नाही, पण या शर्यतींना तेच सर्वांत जवळचे आहे.

पुण्याला समुद्र नाही. इथली होड्यांची मजा मुळेवरची. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा होतो, अंधारात पाण्यावर मशाली फिरतात आणि काठावरच्या गर्दीला सगळे एका नजरेत दिसते. पुण्यातच लष्करात वल्ही मारायला शिकलेला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला. त्याची शर्यत २००० मीटरची, काही मिनिटांत संपणारी. नदीकाठी हाक पोचते, होडी उलटली तर हातही पोचतो. तिथे पाहणे आणि धावून जाणे यांत अंतर नसल्यामुळे साक्षीचा प्रश्न उभाच राहत नाही. तो उभा राहतो हाक न पोचणाऱ्या पाण्यावर.

युरोपात याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या ल्युक्रेशियस या रोमन कवीचे. खवळलेल्या समुद्रात दुसरा झगडत असताना किनाऱ्यावरून पाहणे सुखाचे असते, असे त्याने म्हटले आणि लगेच खुलासाही केला: हे सुख दुसऱ्याच्या दुःखाचे नाही, आपण त्या संकटातून मोकळे आहोत या जाणिवेचे आहे. एपिक्युरसच्या या अनुयायाला खरे तर अभिप्रेत होता तो वासनांच्या गदारोळाकडे वरून पाहणारा शहाणा माणूस. उत्तर प्रामाणिक आहे, पण शर्यतीला लागू पडत नाही. ठिपका पाहणारा स्वतःच्या सुरक्षिततेचा विचार क्वचितच करतो. त्याला ती होडी पुढे जायला हवी असते.

सांख्यांचे उत्तर अधिक नेमके आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाची लक्षणे साक्षित्व, कैवल्य, माध्यस्थ्य, द्रष्टृत्व आणि अकर्तृत्व अशी दिली आहेत. प्रकृती नर्तकीसारखी आपले रूप दाखवते, पुरुष प्रेक्षकासारखा पाहतो. पाहणे पुरे झाले की नृत्य थांबते. उपनिषदांतल्या एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो, तोही याच कुळातला. किनाऱ्यावरच्या माणसाला ही भूमिका घेण्याचा मोह होतो. पण माध्यस्थ्य म्हणजे पक्ष नसणे, आणि पक्ष नसलेला माणूस शर्यत पाहतच नाही. अद्वैती तर याहून पुढे जाईल. त्याच्या मते साक्षी म्हणजे काठावर बसलेला इसम नव्हेच. ठिपका थांबला की ज्याची छाती धडधडते तो इसमही दृश्यातच मोडतो. ती धडधड ज्याला कळते तो साक्षी, आणि तो होडीतल्या माणसातही तितकाच आहे. प्रेक्षकाने स्वतःला साक्षी म्हणवून घेणे हा त्यामुळे मोठा गोंधळ आहे. आळसाला अध्यात्माचे नाव देण्याची सवय याच गोंधळावर पोसली गेली आहे.

साहित्यशास्त्र प्रेक्षकाला अधिक ओळखते. अभिनवगुप्ताच्या विवेचनात रंगभूमीवरची भीती कुणा एकाची राहत नाही. ती साधारण होते, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतःला विसरत नाही, या दुहेरी अवस्थेला त्यांनी सविकल्प समाधी म्हटले आणि वाङ्मयीन आनंदाचे मूळ तिथे दाखवले. ठिपका पाहणाऱ्याचे मन याहून चांगले कुणी वर्णिलेले नाही. घरात पंख्याखाली बसून तो दक्षिण महासागरात असतो, आणि आपण पंख्याखाली आहोत हेही त्याला ठाऊक असते. मात्र केळकरांचा सिद्धांत पुस्तकापुरता आहे. कादंबरीतला खलाशी बुडाला तरी कुणी मदत पाठवायची नसते. समुद्रात मात्र सविकल्पातला तो ‘विकल्प’, म्हणजे आपण सुरक्षित आहोत ही जाणीव, आनंदाचे कारण असतानाच एकाएकी जबाबदारीचे कारण होऊन बसते. रसव्यवहार तिथे संपतो.

इथे यज्ञविद्या उपयोगी पडते. श्रौत यज्ञात होता, अध्वर्यू आणि उद्गाता हे ऋत्विज बोलतात, हालचाल करतात, गातात. चौथा ब्रह्मा नावाचा ऋत्विज दक्षिणेकडे गप्प बसतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात त्याचे काम सांगितले आहे: इतर जण वाणीने यज्ञ चालवतात, तो मनाने. तो मध्येच बोलला तर यज्ञ लंगडा होतो. पण ऋचेत, यजुषात किंवा सामात चूक झाली की व्याहृतींची आहुती देऊन यज्ञ दुरुस्त करणे हेही त्याचेच काम. उपनिषद त्याला वैद्याच्या जागी बसवते. म्हणजे त्याचे गप्प बसणे ही उदासीनता नव्हे, ते एक काम आहे. सगळे विधी जाणणारा माणूस त्यासाठी लागतो, कारण ज्याला विधीच येत नाही त्याला चूक झाली हे कळणार कसे?

गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीचे नियम जणू या कल्पनेवर बेतलेले आहेत. पहिली शर्यत १९६८-६९ ची; तिच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती जुन्याच साधनांनिशी. स्पर्धकाने सेक्स्टंट आणि कागदी नकाशे वापरायचे. जीपीएस सीलबंद पेटीत. मात्र प्रत्येक होडीवरचे यंत्र तिची जागा उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवत राहते. त्यामुळे होडी नेमकी कुठे आहे हे पुण्यातल्या एखाद्या शाळकरी मुलाला दिसते, होडीतल्या माणसाला मात्र आकडेमोड करून काढावे लागते. आणि किनाऱ्याने ते त्याला सांगायचे नाही. ज्ञान आहे, पण बोलायची मुभा नाही, अशी ही ब्रह्म्याची जागा.

२०१८ च्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘थुरिया’ या नौकेवर होते. मांडूक्य उपनिषदातल्या चौथ्या अवस्थेचे नाव असलेली ही नौका गोव्यात बांधली होती, ‘सुहैली’च्या धर्तीवर, आणि सुहैली ही १९६८-६९ ची शर्यत जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची नौका, मुंबईत सागवानात बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरियाची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. जागा ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर. उठता येत नाही, एवढे त्यांनी छोट्या संदेशांतून कळवले. त्या क्षणी मौनाचा नियम गळून पडला. भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून होडी शोधली, ऑस्ट्रेलियाची यंत्रणा कामाला लागली आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना वर घेतले. आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या त्याच वादळात मोडल्या होत्या. ते कामचलाऊ शीड उभारून टॉमींकडेच निघाले होते. प्रतिस्पर्धीही मग शर्यतीबाहेरचा साक्षी राहिला नाही.

आता भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायातली एक मालिका पाहण्यासारखी आहे. देहातल्या परमपुरुषाला तिथे उपद्रष्टा, अनुमन्ता, भर्ता, भोक्ता अशी नावे क्रमाने दिली आहेत: जवळून पाहणारा, संमती देणारा, भार वाहणारा, भोगणारा. उपद्रष्ट्याचा अर्थ सांगताना शंकराचार्यांनीही यज्ञातलाच दाखला घेतला आहे: ऋत्विज आणि यजमान कर्मात गुंतलेले असताना स्वतः न गुंतता जवळ बसून त्यांचे गुणदोष पाहणारा यज्ञविद्येचा जाणकार. शंकरांच्या हाती ही नावे आत्म्याच्या निर्लेपपणाकडे जातात. किनाऱ्याच्या संदर्भात ती उलट दिशेने, पायऱ्यांसारखी वाचता येतात, आणि महाराष्ट्रात तसे वाचायला एक उदाहरण आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबत २०१० च्या मे महिन्यात परतले आणि अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून साहाय्य करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. पुढे २०१२-१३ मध्ये तीच म्हादेई घेऊन ते न थांबता जगाला फेरी मारून आले. समुद्रापासून दूर, माणदेशाच्या उंबरठ्यावर बसलेला वृद्ध दर्यावर्दी नुसता पाहणारा होता असे कुणी म्हणणार नाही. भोक्तेपण मात्र दोंद्यांचे आणि टॉमींचे.

पाहणारा निर्दोष असतो, हे गृहीतकही तपासायला हवे. पुरुष काही करत नाही, पण लोहचुंबकाच्या नुसत्या सान्निध्याने लोखंड हलावे तशी त्याच्या सान्निध्याने प्रकृती हलते, असे सांख्यच सांगतात. नर्तकी नाचते ती प्रेक्षकासाठी. १९६८ मध्ये गोल्डन ग्लोबच्या पहिल्या शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इंग्रज अपुऱ्या तयारीच्या नौकेतून निघाला. पुढे जाणे अशक्य आणि परतणे नामुष्कीचे, अशा कोंडीत तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि आपण जगाला वळसा घालत असल्याच्या खोट्या जागा किनाऱ्याला कळवत राहिला. क्रोहर्स्ट मागून येतो आहे या समजुतीने दुसरे स्पर्धक नायजेल टेटली यांनी खिळखिळी झालेली होडी दामटली. ती बुडाली, ते वाचले. १० जुलै १९६९ रोजी क्रोहर्स्टची नौका रिकामी तरंगताना सापडली. किनारा जे पाहत होता ते कुठे घडतच नव्हते, आणि तरी त्या पाहण्याचा भार दोन होड्यांवर पडला होता. त्याच शर्यतीत फ्रेंच बर्नार मोइतेसिए जिंकण्याची संधी असताना फिरला. बक्षीस आणि स्वागत दोन्ही सोडून, आपण न थांबता पुढेच जात असल्याची चिठ्ठी त्याने गलोलीने एका जहाजावर फेकली आणि तो ताहितीकडे निघून गेला. पाहणाऱ्यांसाठी नाचायचे नाही, हा त्याचा निर्णय. शर्यत पूर्ण करणारे एकटे नॉक्स-जॉन्स्टन; त्यांनी ५००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

मोइतेसिएने फळ टाकले, शीड टाकले नाही. टिळकांना यात काही ओळखीचे सापडले असते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा मुख्य वाद हाच आहे की ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, सुटायची असते ती फलाशा. ज्ञान्याने लोकसंग्रहासाठी कर्म करावे, नुसते पाहत बसू नये. पण मोइतेसिएच्या त्यागात लोकसंग्रह कुठे होता, असे टिळकांनी विचारलेही असते. संन्यासमार्गीयांचे उत्तर ठरलेले आहे: साक्षित्व ही बसण्याची जागा नाही, ती दृष्टी आहे, आणि कर्म करणाऱ्याच्या ठिकाणीही ती असू शकते. हा वाद किनाऱ्यावर मिटत नाही. किनारा एवढेच दाखवतो की दोन्ही पक्षांपैकी कुणीही प्रेक्षकाला मोकळे सोडलेले नाही.

ज्याच्याकडे ना विमान, ना जहाज, ना संदेश पाठवण्याचा अधिकार, त्या सामान्य पाहणाऱ्यासाठी पतंजलीचे योगसूत्र उरते. सुखी, दुःखी, पुण्यवान आणि अपुण्यवान यांच्याविषयी अनुक्रमे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा बाळगली की चित्त प्रसन्न होते, असे ते सांगते. शर्यत पाहणाऱ्याला करुणा सोपी. वादळ आले की ती आपोआप येते. अवघड ती मुदिता, दुसऱ्याच्या चांगुलपणात आणि यशात आनंद मानणे. २०२२ च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले. नोव्हेंबरमध्ये फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नौका दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला बुडाली, तेव्हा आयोजकांनी नियम बाजूला ठेवून जवळच्या स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांना तिकडे वळवले. त्यांनी लेहतिनेनना वाचवले आणि वाटेने जाणाऱ्या एका मालवाहू जहाजावर सोपवले. या कामासाठी त्यांना ३५ तासांची भरपाई मिळाली. २७ एप्रिल २०२३ रोजी त्या पहिल्या आल्या, २९ एप्रिलला टॉमी दुसरे. टॉमींच्या बाजूने ठिपका पाहणाऱ्या ज्यांनी ते ३५ तास मोजून पाहिले असतील, त्यांना दिसले असेल की भरपाई धरली नसती तरी पहिली होडी तीच होती.