लक्षण, चाचणी आणि संशयाचा फायदा

न्यायालयांत आरोपीविरुद्ध पुरावा अपुरा पडला, तर संशयाचा फायदा त्यास मिळतो. आणि तो त्यास मिळावा ह्याविषयीं आतां कोणी फारसा वाद घालीत नाहीं. परंतु साथीच्या दिवसांत ज्याच्या घशांत खवखव आहे आणि हातांत चाचणीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल आहे, अशा मनुष्याच्या बाबतींत संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा? त्यास, कीं ज्याच्या दारांत तो उभा आहे त्यास? २०२० सालीं कोरोनाची साथ आली तेव्हां हा प्रश्न घरोघरीं उभा राहिला, आणि आमच्या मतें पुष्कळांनीं, त्यांत आम्हींही, त्याचें उत्तर चुकीचें दिलें. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें त्या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. भीति ओसरल्यावर विचार अधिक नीट होतो; म्हणून हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम लक्षणांकडे पाहूं. आपल्या वैद्यकांत रोगाच्या लक्षणास ‘लिंग’ असाही शब्द आहे, आणि नैयायिक अनुमानाच्या हेतूसही लिंगच म्हणतात. पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों, कारण अग्नीवांचून धूर कोठें आढळत नाहीं. परंतु अग्नि आहे तेथें धूर असतोच, हें उलट विधान खोटें आहे. आणि तें खोटें कसें, हें दाखविण्यासाठीं नैयायिकांनीं तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण दिलें आहे. त्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. धूर निघावयास ओलें सर्पण लागतें. ताप घ्या. तो विषाणूचा गुण नव्हे. शरीर विषाणूचा प्रतिकार करूं लागतें, त्या झटापटीचा तो धूर आहे. ज्या शरीरांत हा धूर निघाला नाहीं, तेंही दुसऱ्यास चटका देऊं शकतें.

ही केवळ उपमा नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्यें जपानांतील योकोहामा बंदराशीं ‘डायमंड प्रिन्सेस’ हें प्रवासी जहाज अडकून पडलें होतें. २० फेब्रुवारीपर्यंत त्यावरील ६३४ जणांत विषाणु सापडला; त्यांपैकीं ३२८ जणांस चाचणीच्या वेळीं कोणतेंच लक्षण नव्हतें. उलट पक्षीं, खोकणारा प्रत्येक मनुष्य कोरोनाचा रोगी नव्हता, हेंही सर्वांस ठाऊक आहे. येथें तर अग्नीवांचून धूरही भरपूर. दवाखान्यांत व रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या लोकांविषयींचे अनेक अभ्यास एकत्र करून ‘कॉक्रेन’ ह्या संस्थेच्या संशोधकांनीं २०२१ सालीं जो निष्कर्ष मांडला, तो असा कीं, कोणतेंही एकटें लक्षण ह्या रोगाचा पुरेसा पुरावा नव्हे, आणि त्याचा अभाव ही निरोगीपणाची खात्री नव्हे. ताप बाधितांपैकीं निम्म्याच्या आसपास लोकांतच आढळला. वास जाणें हें लक्षण बाधितांपैकीं निम्म्याहून कमी लोकांत होतें. परंतु बाधा नसलेल्या दर दहा जणांपैकीं नऊंहून अधिक जणांत तें नव्हतें. म्हणजे वास गेला असेल तर त्यावरून पुष्कळ कांहीं कळतें. गेला नसेल तर त्यावरून फार थोडें कळतें. दारोदारीं रखवालदार कपाळावर तापमापक रोखीत, त्याचें मोलही यावरून ध्यानांत येईल.

लक्षणें अशीं बेभरंवशाचीं, म्हणून लोकांनीं चाचणीकडे धांव घेतली, आणि अनुमान संपून आतां प्रत्यक्ष हातीं आलें असें मानिलें. येथेंच घोटाळा झाला. चाचणी हें देखील एक लिंगच आहे. अधिक चांगलें, पण लिंगच. नाकांतून वा घशांतून घेतलेल्या नमुन्यांत, त्या दिवशीं, त्या जागीं, विषाणूचा अंश सांपडला कीं नाहीं, एवढेंच ती सांगते. २०२० सालच्या एका संकलित अभ्यासांत असें आढळलें कीं, लक्षणें सुरू झालीं त्या दिवशीं घेतलेली आर.टी.-पी.सी.आर. चाचणी बाधितांपैकीं सुमारें ३८ टक्के लोकांस निगेटिव्ह ठरवीत होती. तीन दिवसांनीं हें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर येई, आणि लक्षणें दिसण्यापूर्वीं तें याहून पुष्कळच अधिक असे.

आतां थोडें गणित करूं. समजा, चाचणी दहा बाधितांपैकीं तिघांस चुकविते, आणि अबाधितास कधींच बाधित म्हणत नाहीं. ज्या गांवीं हजारांत दहाच बाधित आहेत, तेथें ९९३ जणांस निगेटिव्ह अहवाल मिळेल, आणि त्यांत बाधित अवघे तीन असतील. परंतु ज्यांच्या घरांत रोगी आहे व ज्यांस स्वतःस ताप-खोकला आहे, असे शंभर जण घेतले, आणि त्यांतील पन्नास बाधित आहेत असें मानलें, तर निगेटिव्ह अहवाल ६५ जणांस मिळेल व त्यांत १५ जण बाधित असतील. म्हणजे जवळजवळ चारांत एक! कागद तोच, शब्द तोच. अर्थ मात्र निराळा. थॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निधनानंतर, १७६३ सालीं, प्रसिद्ध झालेल्या निबंधांत ह्या विचाराचें मूळ आहे. नवा पुरावा जुन्या संभवावर तोलून पाहावा लागतो. जुना संभव तो पुसून टाकीत नाहीं. म्हणून अहवाल निगेटिव्ह आला तरी लक्षण खोटें ठरत नाहीं. लक्षण जितकें बोलकें, तितका अहवालाचा नकार दुबळा.

हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं, आणि म्हणूनच पुढील हकीकत सांगणें भाग आहे. एप्रिल २०२१ मध्यें आमच्या शेजारीं रोगी होते, आणि आमचा घसा सकाळपासून खवखवत होता. चाचणी केली, निगेटिव्ह आली. त्याच संध्याकाळीं आम्ही आमच्या जुन्या गुरुजींकडे गेलों. त्यांचें वय ऐंशींच्या पुढें. दारांतच त्यांनीं विचारलें, “प्रकृति बरी आहे ना रे?” आम्हीं उत्तर दिलें, “कालच्या धास्तीनें चाचणी करून घेतली, निगेटिव्ह आहे.” तिसऱ्या दिवशीं आम्हांस ताप भरला व दुसरी चाचणी पॉझिटिव्ह आली. आठवड्याच्या आंत गुरुजीही आजारी पडले. ते वांचले, पण जिना चढून वर जाण्याची शक्ति त्यांस पुन्हां आली नाहीं. बाधा आमच्यापासून झाली, कीं त्या दिवसांत येऊन गेलेल्या दुसऱ्या कोणापासून, हें सांगणारी चाचणी नाहीं. गुरुजींनीं तो विषय कधींच काढला नाहीं.

पुष्कळ दिवस आम्ही स्वतःस ह्याच संशयाचा फायदा देत होतों. परंतु विचारान्तीं असें दिसतें कीं, आमचा दोष त्यांच्या आजारावर अवलंबून नाहीं. ते आजारी पडलेच नसते, तरी तो तितकाच राहिला असता. कारण तो दारांतच पुरा झाला होता. त्यांनीं प्रकृति विचारली आणि आम्हीं अहवाल सांगितला. आम्ही बोललों त्यांतील एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ती फसवणूक होती. घशाची गोष्ट सांगितली असती, तर आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें त्यांनीं ठरविलें असतें. तो त्यांचा अधिकार आम्हीं एका कागदाच्या आड हिरावून घेतला.

यावर कोणी म्हणेल, संशयाचा फायदा असा नेहमींच शेजाऱ्यास दिला, तर शिंकणारा प्रत्येक मनुष्य बहिष्कृत होईल. हा आक्षेप खरा आहे. न्यू यॉर्क येथें मेरी मॅलन नांवाची एक स्वयंपाकीण होती. ती स्वतः धडधाकट, पण तिच्या शरीरांत विषमज्वराचे जंतु असल्याचें १९०७ सालीं आढळलें. तिला एका बेटावर ठेवण्यांत आलें. पुन्हां स्वयंपाक करणार नाहीं ह्या वचनावर १९१० सालीं तिची सुटका झाली. परंतु कपडे धुण्याच्या कामांत मिळकत कमी, म्हणून ती नांव बदलून पुन्हां चुलीशीं गेली. १९१५ सालीं ती पकडली गेली आणि १९३८ सालीं मरेपर्यंत त्याच बेटावर राहिली. वचन मोडलें हा तिचा दोष. पण वचन घेणाऱ्यांनीं तिच्या पोटाची पुरेशी सोय केली नाहीं, हाही दोषच. आपल्याकडेही २०२० सालीं कित्येक घरांतून मोलकरणीस ‘येऊं नको’ असा निरोप गेला. त्याबरोबर महिन्याचा पगार सर्वच घरांतून गेला नाहीं. ज्यास संशयापायीं घरीं बसविलें त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्याचें उत्तर दिल्यावांचून घरीं बसण्याचा उपदेश करणें हें सुखवस्तूंचें नीतिशास्त्र होय.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, संशय मिटविणें पुष्कळदां कोणाच्याच हातीं नसतें. तो सांगणें मात्र असतें. हल्लीं गुरुजींकडे जाण्यापूर्वीं आम्ही टेलिफोन करतों, आणि सर्दी असली तर सर्दी आहे असें सांगतों. कधीं ते “ये” म्हणतात, कधीं “पुढल्या आठवड्यांत ये” म्हणतात.