रिपोर्टाला फसवता येते का?



सोमवारी सकाळी रक्त द्यायचे असले की शनिवारपासूनच आपल्या घरांत पथ्य सुरू होते. भात अर्धा होतो, चहातली साखर जाते, संध्याकाळी चक्क चालायला जाणे होते. उपाशीपोटीची साखर बरी निघाली की त्याच संध्याकाळी केक कापला जातो. आपण सारेच हे करतो आणि हसत हसत एकमेकांना सांगतोही. पण आपण फसवले कुणाला? डॉक्टरांना? ते रक्त काही त्यांच्या अंगात वाहत नाही.

वजन उतरवण्याची नवी इंजेक्शने आपल्याकडेही आल्यापासून हा प्रश्न थट्टेचा राहिलेला नाही. 'मौंजारो' भारतात मार्च २०२५ मध्ये आले, 'वेगोव्ही' त्याच वर्षी जूनमध्ये. आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचायचे. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरके स्रवतात त्यांची नक्कल हे औषध करते. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते. 'तोंडावर ताबा ठेवायचा सोडून सुई कशाला?' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. मधुमेहाने, गुडघ्यांनी गांजलेल्या माणसाला औषधाने आराम पडत असेल तर त्यात लाज कसली?

अडचण पुढे येते. सुरुवातीला डॉक्टर तपासण्या सांगतात: तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉईड. तेव्हा आपण उत्साहाने हात पुढे करतो. काही महिन्यांनी कपडे सैल होतात, लग्नात चारजणी 'किती बारीक झालीस' म्हणतात, आणि मग पुढची तपासणी राहून जाते. वजनकाटा चांगले सांगतो आहे ना, मग रक्ताला कशाला विचारायचे?

इथेच आपली चूक होते. काटा फक्त किती गेले ते सांगतो, काय गेले ते सांगत नाही. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी पूर्वीच्याच प्रमाणात चालू राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थायरॉईडच्या गोळीचे प्रमाणही बदललेल्या वजनाबरोबर पुन्हा पाहावे लागते. घासच कमी झाल्यावर लोह आणि बी-१२ कमी पडू शकते. यातले बरेचसे आरशात दिसत नाही. (पोटात न थांबणारी तीव्र कळ येऊन पाठीकडे जाऊ लागली तर मात्र रिपोर्टाची वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.)

तीन महिन्यांच्या साखरेची गंमत अशी, की तिला दोन दिवसांचे पथ्य कळतच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात साखर त्यांना चिकटत राहते. पण म्हणून तो आकडा देववाणी समजू नये. अंगात रक्त कमी असेल तर तोही चकवतो. क्रिएटिनिनचेही तसेच. ते स्नायूंतून तयार होते, त्यामुळे चरबीबरोबर स्नायूही झडले तर आकडा सुधारल्यासारखा दिसतो. म्हणजे रिपोर्ट नुसता काढून भागत नाही, तो जाणत्याला दाखवावा लागतो. घरबसल्या दर महिन्याला शंभर तपासण्यांचे 'पॅकेज' घेऊन लाल अक्षरे मोजत बसणे हीसुद्धा तपासणी टाळण्याचीच दुसरी तऱ्हा आहे, असे आम्हांला वाटते.

'शरीर माझे आहे, मला जाणून घ्यायचे नसेल तर?' असे कुणी विचारील. आपोआप आलेल्या दुखण्याच्या बाबतीत आम्ही कदाचित गप्प बसलो असतो. पण एखादी प्रभावी वस्तू आपण आपल्या हाताने सुरू केली, की ती आत काय करते आहे ते पाहणे आपल्याकडे येते. वसईतल्या वाडीवाल्यांना हे सांगायला नको. पंप लावला की विहिरीत डोकवावे लागते. उपसा वाढला आणि विहिरी खाऱ्या झाल्या, हे आपण पाहिले आहे. शिवाय रात्री चक्कर येऊन आई पडली तर धावपळ तिच्या एकटीची नसते.

खर्चाची गोष्ट खरी आहे. औषधालाच एवढे पैसे जातात की तपासणीचे जड वाटतात. तरीही ते सुरू करतानाच हिशेबात धरलेले बरे, आणि कोणत्या तपासण्या खरोखर लागतील हे डॉक्टरांना सरळ विचारावे. न लागणाऱ्या गाळून टाकता येतात.

आणखी एक. बरेच जण हे इंजेक्शन घरच्यांपासून लपवतात, कधी दुसऱ्या डॉक्टरांपासूनही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना ते कळलेच पाहिजे, कारण उपाशी राहूनही पोट रिकामे नसण्याची शक्यता असते. तेव्हा पुढच्या भेटीला जाताना फाईलबरोबर हेही न्यावे: कोणता डोस चुकला, कोणता कुणाच्या सांगण्यावरून वाढवला, आणि रक्त देण्याआधीचे दोन दिवस आपण काय खाल्ले नाही.